टाकी कुठे रिकामी करायची?



मे महिन्याच्या शेवटी मी लेक-जावयाकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला होते. सोमवारच्या बँक हॉलिडेमुळे सलग तीन दिवस सुट्टी आली आणि जावई म्हणाले, "आई, या वेळी आमच्या क्लबच्या मेळाव्याला चला." क्लब मोटरहोमवाल्यांचा. राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी घेऊन ही मंडळी शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या शेतात जमतात. दिवसा आसपासची ठिकाणे बघतात, संध्याकाळी खुर्च्या टाकून गप्पा मारतात आणि सोमवारी आपापल्या घरी जातात.

मी आधी नाहीच म्हटले. शेतात शेगड्या पेटणार, त्यावर मांस भाजणार. आणि मी सूर्यास्ताआधी जेवणारी, पाणी गाळून पिणारी. शिवाय चूल, बिछाना, कपाट सगळे बरोबर घेऊन हिंडायचे म्हणजे परिग्रहाला चाके लावण्यासारखेच, असे लेकीला ऐकवलेही. ती म्हणाली, "आई, एकदा ये, मग बोल." गेले, म्हणून आता बोलते.

मार्केट हारबरोजवळचे ते शेत म्हणजे नुसता गवताचा माळ. तीसेक गाड्या, दोन गाड्यांत सहा मीटर अंतर. वीज नाही. एका कुंपणाशी पिण्याच्या पाण्याचा एकच नळ आणि दुसऱ्या टोकाला, नळापासून लांब, घाण पाणी व संडासाची पेटी रिकामी करायची जागा. बस्स. तिथल्या १९६०च्या कायद्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या क्लबांना परवान्याशिवाय जास्तीत जास्त पाच दिवस असे मेळावे भरवता येतात. ही सवलत काढूनही घेता येते, म्हणून सगळे जपून वागतात.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून चूक झाली. जेवणाची भांडी मी बाहेर टबात घासली आणि साबणाचे पाणी नेहमीच्या सवयीने कुंपणाच्या कडेला ओतले. आपण घराबाहेर असलो की असेच करतो ना? मेळाव्याची व्यवस्था बघणाऱ्या बाई, माझ्याच वयाच्या, हळूच आल्या. रागावल्या नाहीत. एक रिकामी बादली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, मंगळवारपासून या गवतावर मेंढ्या चरणार आहेत.

मैत्रिणींनो, मी पन्नास वर्षे अहिंसेवरची प्रवचने ऐकत आले आहे. त्या मेंढ्या मात्र मला दिसल्या नव्हत्या, त्या बाईंना दिसल्या होत्या. रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी जावयांकडून गाडीचा सगळा हिशेब समजून घेतला. बी.कॉम. झालेली बाई मी, ताळेबंद मला कळतो. चांगल्या पाण्याची टाकी शंभर लिटर. वापरलेले पाणी जमिनीवर न जाता दुसऱ्या टाकीत जाते. संडासाची पेटी वीस लिटरच्या आतबाहेर. जे आत आले ते कुठेतरी बाहेर पडणार, आणि ते स्वतःच्या हाताने नेऊन ठरल्या जागीच ओतायचे. घरी आपण जमेची बाजू बघतो, नळाला पाणी आले की नाही. खर्चाची बाजू मोरीत गेली की संपली. इथे ती संपत नाही, ढकलगाडीवर घालून शेताच्या टोकापर्यंत न्यावी लागते. चौघांच्या अंघोळी, स्वयंपाक, भांडी धरून ते शंभर लिटर आम्ही दीड दिवस पुरवले. घरी माझी एकटीची अंघोळ आणि कपडे यांतच तेवढे जात असेल.

शनिवारी सगळे मिळून फॉक्सटन लॉक्स बघायला गेलो. कालव्यातल्या बोटी डोंगर चढतात ती जागा. १८१४ साली खुली झालेली, एकापुढे एक दहा हौदांची जणू पायऱ्यांची उतरंड. बोट एकूण पंचाहत्तर फूट वर चढते नाहीतर खाली उतरते. पण माझे लक्ष गेले ते शेजारच्या तळ्यांकडे. हौद रिकामा करताना पाणी वाहून जाऊ नये म्हणून ते बाजूच्या तळ्यात घेतात आणि खालचा हौद भरायला वापरतात. त्यासाठी आधी लाल झडप उघडायची, मग पांढरी. क्रम चुकला की पाणी वाया, वर आजूबाजूला पूर. दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी पाणी कुठून आणायचे याच्याबरोबर ते कुठे ठेवायचे याचाही विचार केला होता.

रविवारी काही जण लेस्टर शहरात गेले. २०१२ साली वाहनतळाखाली ज्याचे अवशेष सापडले त्या तिसऱ्या रिचर्ड राजाची कबर तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे. ती बघून झाल्यावर सहा-सात जण माझ्याबरोबर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन मंदिरात आले. पूर्वी ते चर्च होते. १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय एकाच छपराखाली. आपल्याकडे असे किती ठिकाणी दिसेल? सगळ्यांनी चपला काढल्या, कातड्याचे पट्टेही काढून ठेवले. बादलीवाल्या बाईंनी मला विचारले, "तुमच्या धर्मात सगळ्यात अवघड काय?" मी म्हणणार होते उपवास. पण तोंडातून निघाले, "टाकायचे ते जपून टाकणे."

ते उगीच निघाले नाही. मुनींच्या पाच समिती आपल्याला पाठ आहेत: ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. पाचवी उत्सर्ग समिती म्हणजे मलमूत्र, कफसुद्धा निर्जंतुक जागा पाहून, कुठल्याही जिवाला बाधा न होता टाकणे. कोणी म्हणेल, ते मुनींचे, आपण श्रावक. मग अनर्थदंडव्रत कुणाचे? विनाकारण पाणी सांडणे, जमीन उकरणे, झाडपाला तोडणे ही प्रमादचर्या, आणि ती सोडायची ती श्रावकानेच. माझी आई पाणी गाळल्यावर गाळणे उलटे धरून, त्यावर पाणी घालून ते जीव परत त्याच विहिरीत सोडायची. गाळणे आपल्याकडे उरले. परत सोडणे कधी सुटले ते कळलेही नाही.

हे लिहिताना मला आमची गेल्या वर्षीची यात्रा आठवते. दोन बस, नव्वद माणसे. अभिषेक सुंदर झाला, एकाशन असणाऱ्यांची वेगळी पंगत झाली, कंदमुळाचा कणही नाही. आणि निघालो तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी कागदी ताटल्या, पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या, श्रीखंडाच्या वाट्या, आणि त्यावर मुंग्यांची रांग. मीही त्या बसमध्ये होते. खिडकीतून ते पाहिले आणि पडदा ओढला.

मला त्या क्लबचे गोडवे गायचे नाहीत. गाडीच्या किमतीत आपल्याकडे एक फ्लॅट येईल. डिझेल जळते ते वेगळेच. संध्याकाळी शेगडीवर मांस होते, मी आमच्या गाडीच्या पलीकडच्या अंगाला खुर्ची नेली. तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणून माझा चौविहार पाळला गेला, पण तो वास सोसावा लागला. त्यांना टाकीची मर्यादा आहे, व्रताची नाही. घरी गेल्यावर तेही नळ मोकळा सोडत असतील. पण आपल्याला व्रत असून मर्यादा कुठे आहे, हा प्रश्न त्यांच्या चुकांनी मिटत नाही.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाड्या येतील, यायलाही हव्यात. ज्येष्ठांना, गुडघे दुखणाऱ्यांना, सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्यांना ती सोय मोठी आहे. आपल्यातल्या कुणी अशी गाडी घेतली किंवा भाड्याने केली, तर गादी किती मऊ हे नंतर विचारा. आधी विचारा, टाकी कुठे रिकामी करायची.

गाडी नसली तरी चालेल. आमच्या महिला मंडळाची पुढची यात्रा कार्तिकात आहे. मी मंडळात तीन गोष्टी मांडल्या आहेत: प्रत्येकीने घरून स्टीलचे ताट-वाटी-पेला आणायचा, बसमध्ये ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे असतील आणि ते गावी परत येतील, आणि निघण्याआधी दोघीजणी जागा बघून आल्याशिवाय बस हलणार नाही. पहिल्या पाळीला माझे नाव लिहिले आहे. दुसरे नाव अजून रिकामे आहे.