माईक आणि हिंमत

आज एका मॅचला चार-पाच समालोचक लागतात. मुंबईचे बॉबी तल्यारखान मात्र १९३०च्या दशकात रेडिओवर दिवसभर एकटेच बोलत! हिंदू, पारशी, मुस्लिम संघांच्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांनी त्यांना नाव दिलं. तरीही धर्मावरून संघ पाडू नका, असं त्यांनी ठणकावून लिहिलं. १९४६ला ती स्पर्धा बंद पडली. पुढे १९४८-४९च्या वेस्ट इंडिज मालिकेत रेडिओने जोडीला इतर समालोचक दिले, तर हे माईक सोडून मोकळे! तो हट्ट मला पटत नाही. पण ज्याच्यावर नाव झालं त्यालाच चूक म्हणण्याची हिंमत शिकावी. सुरतेत आपणही मराठी-गुजराती टीम पाडतोच की! मित्रांनो, माईक हाती आला तर काय बोलाल?