बटण कोणतं घ्यायचं ते नंतर. आधी, येणार कोण ते सांगा

"डॉक्टर, आईसाठी ते गळ्यात घालायचं संकटाचं बटण घ्यायचंय. कोणतं चांगलं?"

हा प्रश्न आता धारूरमध्येही येऊ लागलाय. विचारणारा मुलगा बहुतेक वेळा पुण्यात नाहीतर संभाजीनगरला असतो, आई इथे एकटी असते आणि त्याने मोबाइलवर जाहिरात पाहिलेली असते. पांढरे केस, हसरा चेहरा, गळ्यात लॉकेटसारखं काहीतरी. बटण दाबलं की मुलाचा फोन वाजतो. त्याला माझ्याकडून फक्त कंपनीचं नाव हवं असतं.

मी नाव सांगत नाही. उलट विचारतो: बटण दाबल्यावर पंधरा मिनिटांत आईजवळ जाऊन बसेल असा माणूस कोण? एक नाही, दोन नावं सांगा. नावं असतील तर यंत्राचं बोलू. नसतील तर ते बटण घेऊ नका. तो पैसा आईच्या सुरक्षेवर नाही, तुमच्या स्वतःच्या शांत झोपेवर खर्च होणार आहे.

बोलणं कडक वाटेल. पण आधी हे बटण नेमकं कशासाठी असतं ते समजून घ्या.

म्हातारपणी पडणं वाईटच. त्याहून वाईट म्हणजे पडून राहणं. पडलेल्या माणसाला उठता आलं नाही आणि तो तासभर किंवा जास्त फरशीवर राहिला, तर मोडलेल्या हाडाशिवाय दुसरी दुखणी सुरू होतात. अंगाखाली दबलेले स्नायू खराब होतात आणि त्यातून रक्तात उतरणारे पदार्थ मूत्रपिंडावर ताण आणतात. कंबरेवर, टाचेवर, खांद्यावर कातडी दबून जखमा होतात. पाणी नाही, औषध नाही, कपडे ओले, त्यात थंडीचे दिवस. धारूर बालाघाटाच्या माथ्यावर. इथली पहाटेची फरशी डिसेंबरात कशी असते हे वेगळं सांगायला नको. म्हणजे बटणाचं काम एकच: पडल्यापासून कुणीतरी जवळ येईपर्यंतचा वेळ कमी करणं. हा वेळ यंत्र कमी करत नाही. यंत्र फक्त निरोप देतं. वेळ कमी करतो तो चालत येणारा माणूस.

आता एक अभ्यास सांगतो, जो विक्रेता तुम्हाला सांगणार नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. वर्षभरात ६६ जण पडले. त्यातल्या ५३ जणांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आलं नाही, आणि २० जण तासभर किंवा त्याहून जास्त जमिनीवर पडून होते. बटणाची सोय यातल्या पुष्कळांकडे होती. तरीही जास्त वेळ पडून राहावं लागलं अशा बहुतेक प्रसंगांत बटण वापरलंच गेलं नाही. का? अंगावर नव्हतं. हात पोचला नाही. "उठू आपलं आपण, कशाला कुणाला त्रास" असं वाटलं. हे तिकडचं, जिथे बटणामागे माणसं बसवलेली असतात. आपल्याकडे ते लॉकेट आंघोळीला जाताना खुंटीवर राहणार आणि रात्री उशाशी, आणि घसरायला होतं नेमकं मोरीत नाहीतर रात्री लघवीला उठताना.

शिवाय आपली माणसं. साठ वर्षं लेकरांच्या आधी न जेवलेली बाई रात्री दोनला बटण दाबून पुण्याच्या मुलाला उठवेल, असं खरंच वाटतं तुम्हाला?

समजा, दाबलं. बहुतेक यंत्रांत तीन-चार नंबर भरता येतात आणि ते भरतो मुलगा. पहिला नंबर त्याचा, दुसरा बायकोचा, तिसरा मुंबईच्या बहिणीचा. रात्री दोनला पुण्यात फोन वाजतो. आता तो धारूरमध्ये कुणाला तरी फोन लावणार. ज्याला लावणार, त्याचाच नंबर पहिला का नाही भरला? मी हे विचारतो तेव्हा पलीकडे शांतता पसरते. कारण शेजाऱ्याशी कधी बोलणंच झालेलं नसतं, किंवा बांधावरून नाहीतर भिंतीवरून भांडण असतं. मग आधी ते भांडण मिटवा. बटणापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणि आपल्या तालुक्यात यापुढचाही प्रश्न आहे, जो शहरातल्या कोणत्याही जाहिरातीत येणार नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत वाड्या-वस्त्या, तांडे निम्मे-अर्धे रिकामे. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. जो शेजारी जूनमध्ये हाकेच्या अंतरावर होता, तो जानेवारीत कोल्हापूरकडच्या फडात असतो. म्हणजे कार्तिकापासून चैत्रापर्यंत धावून येणाऱ्यांची यादी वेगळी हवी. कुणी दुकानदार, कुणी शिक्षक, दूध घालणारा, आशाताई. ती यादी टोळी निघायच्या आधी करायची असते. गावात एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण, कुणाचं कोण गेलंय, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. ग्रामपंचायतीने हंगामापुरती ही नावं एका वहीत लिहून प्रत्येकापुढे एक माणूस नेमायला काय खर्च येतो? सीसीटीव्हीला निधी मिळतो, याला साधी वहीसुद्धा मिळू नये?

"पण डॉक्टर, काहीच नसण्यापेक्षा बटण बरं ना?"

नाही. हेच मला पटत नाही. बटण घेतलं की रोजचा फोन दोन दिवसांवर जातो, मग आठवड्यावर. "बटण आहे ना तिच्याकडे." ज्या घरात काहीच नाही, तिथे निदान काळजी तरी शिल्लक असते.

ब्रिटनमध्ये ही बटणं कित्येक दशकं चालली ती तांब्याच्या तारेच्या टेलिफोनवर. लाइन इंटरनेटवर हलवायला घेतल्यावर काही घरांतली बटणं मुकी झाली. २०२३ च्या अखेरीस कंपन्यांना सक्तीचं स्थलांतर थांबवावं लागलं आणि जुनी यंत्रणा बंद करायची मुदत २०२५ वरून जानेवारी २०२७ वर गेली. एवढ्या व्यवस्थेच्या देशात हे होतं. आपल्याकडे लाइट जाते, रेंज जाते, आणि सगळ्यात गुपचूप जातं ते रिचार्ज.

तेव्हा ज्यांच्याकडे दोन नावं आहेत, त्यांनी आता यंत्राकडे वळावं.

सिमवर चालणारं लॉकेट किंवा घड्याळ घेणार असाल तर पहिल्यांदा हे विचारा: ते २जीवर चालतं की ४जीवर? जिओचं २जी नाही. २जीचं यंत्र आणि जिओचं सिम ही जोडी चालणार नाही. तुमच्या घरात, आतल्या खोलीत, मोरीत कोणत्या कंपनीची रेंज येते ते स्वतः फोन घेऊन फिरून बघा. भोगलवाडीकडे किंवा घाटाच्या अंगाला घर असेल तर हे दोनदा बघा. रिचार्ज वर्षाचं मारा आणि संपायची तारीख तुमच्या फोनवर लावून ठेवा. चार्जिंग रोजचं असेल तर आई ते करणार नाही, हे धरून चाला.

पडल्यावर आपोआप कळवणारी घड्याळं आता बरीच आलीत. अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे. आतला संवेदक जोराचा दणका आणि त्यानंतरची निश्चलता ओळखतो. पण म्हातारी माणसं नेहमी धाडकन पडत नाहीत. भिंतीला धरून हळूच खाली बसतात, खाटेवरून घसरतात. असं पडणं घड्याळाला बहुधा कळत नाही. उलट धुणं आपटताना किंवा खलबत्त्यात कुटताना ते "तुम्ही पडलात का?" विचारत बसेल.

स्मृतिभ्रंश असेल तर दाबायच्या बटणाचा विचारच सोडा. बटण कशाचं, कधी दाबायचं, हेच लक्षात राहत नाही. अशा माणसाला एकटं ठेवायचं नसतं.

आणि आता माझी आवड. दाराला लावतात ती बिनतारी बेल. काही शे रुपयांत मिळते. बटण तुमच्या आईकडे, वाजणारा डबा शेजाऱ्याच्या घरात. सिम नाही, रिचार्ज नाही, सॉफ्टवेअर नाही. दोन गोष्टी बघा. डबा सेलवर चालणारा घ्या, प्लगचा नको. लाइट गेली की तो गप्प. आणि जुनी माळवदाची घरं असतील तर दगडामातीच्या रुंद भिंतींतून लहरी नीट जात नाहीत. खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. म्हणून लावायच्या आधी वाजवून बघा. एकाच डब्याला दोन बटणं जोडता येणारी मिळाली तर उत्तम: एक गळ्यात, दुसरं मोरीत, फरशीपासून वीतभर उंचीवर. उभ्या माणसाच्या हाताशी बटण लावणारे पुष्कळ असतात. पडलेलं माणूस उभं नसतं.

खरेदीनंतर एकदा परीक्षा घ्या. आईला सांगू नका, तुम्ही स्वतः मोरीत फरशीवर आडवे व्हा, बटण दाबा आणि घड्याळ लावा. शेजारी दारात यायला किती मिनिटं लागली? आणि दार उघडलं का? सगळ्या साखळीत हाच दुवा कुणाच्या डोक्यात येत नाही. शेजारी धावत आला, आतून कडी. जुन्या दाराला तर अडसर. मग दार फोडा, माळवदावरून उतरा. बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवा, एक किल्ली शेजारी द्या, आणि मोरीची आतली कडी काढून टाका. लाज वाटत असेल तर पडदा लावा.

ज्यांना बटण नकोच, किंवा ते दाबणारच नाहीत अशी खात्री आहे, त्यांच्यासाठी उलटी युक्ती आहे. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ साली पाणी गरम करायचं एक भांडं काढलं. आजोबांनी चहाला पाणी घेतलं की दूरच्या मुलांना निरोप जातो. निरोप आला नाही की चौकशी करायची. पडलेल्या माणसाने काहीच करायचं नाही, हे त्यातलं मर्म. आपल्याकडे त्यासाठी भांडंही नको. सकाळी अंगणात सडा पडला नाही, दार उघडलं नाही, तर शेजारणीने जाऊन बघायचं. संध्याकाळी दिवा लागला नाही, तरी तसंच. आपल्या गावांत हे अर्धंमुर्धं चालतच असतं. फक्त ते बोलून पक्कं करा. "सात वाजेपर्यंत सडा दिसला नाही तर या," असं वेळेसकट. यात रात्रभर पडून राहण्याचा धोका उरतो, हे खरं. तो बेलने कमी होतो. दोन्ही करा.

येणाऱ्या माणसाला काय करायचं तेही सांगून ठेवा. खसकन ओढून उभं करायचं नाही. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलंय असं समजून हलवू नये, पांघरूण घालावं, १०८ लावावा. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं दिसलं तर तसंच, आणि ते नेमकं कधी सुरू झालं ती वेळ लिहून घ्यावी. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि इथून अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा रस्ताही त्यातच धरायचा असतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखर द्यावी. गुंगीत असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक चांगला आहे, पण तो सल्ला आणि माहितीसाठी, दिवसा. रात्री पडलेल्या माणसासाठी १०८ किंवा ११२.

आणि कृपा करून आईची औषधं घेऊन एकदा दवाखान्यात या. झोपेची गोळी, रक्तदाबाची दोन-दोन औषधं, उठताना येणारी चक्कर, मोतीबिंदू, गुळगुळीत फरशी: पडायचं कारण बहुतेक वेळा यातच सापडतं. येताना एका कागदावर दोन नावं, त्यांचे नंबर आणि हंगामात ते गावात असतात की नाही, एवढं लिहून आणा. मी एक प्रत आईच्या केसपेपरला लावून ठेवीन.