सिबिल ८००, तरी कारलोन नाही!

सिबिल ८०० च्या वर, एकही हप्ता चुकलेला नाही, तरी बँकेने माझं कारलोन नाकारलं. राग आला. मग स्वतःचीच फाईल नीट पाहिली. दुकानाची उलाढाल ४० लाख, रिटर्नमध्ये नफा फक्त ८ टक्के, म्हणजे ३ लाख २० हजार. महिन्याला २७ हजारही नाहीत! त्यातून दुकानाच्या लोनचा हप्ता १२ हजार. मग गाडीचा कशातून भरणार?

घेतलेलं कर्ज तुम्ही वेळेवर फेडता का, हे स्कोअर सांगतो. किती झेपेल, हे रिटर्न सांगतं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर टॅक्स नाही. मग खरा नफा लपवायचा कशाला? यंदा मी पूर्ण दाखवणार. गाडी थांबेल, पुढचं लोन अडायला नको.