सात गुणांच्या आतला पराभव

रग्बी हा आझाद मैदानालगतच्या बॉम्बे जिमखान्याचा खेळ. लालबाग-परळच्या पोरांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण त्या खेळातली एक गोष्ट आपण जरूर उचलावी. रग्बीच्या विश्वचषकात साखळी सामना जिंकणाऱ्याला 4 गुण मिळतात. पण 7 किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्यालाही 1 गुण मिळतो. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीनेही बरीच वर्षे हरणाऱ्याचा असाच मान राखला.

आणि आमच्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धा? बहुतेक बाद पद्धतीच्या. एका गुणाने हरलेला संघ पहिल्याच रात्री गाशा गुंडाळतो. वर्षभर नोकरी सांभाळून रात्री सराव करायचा आणि वाट्याला चाळीस मिनिटे! तेवढ्यात कोणाच्या नजरेत भरणार? पोलीस, रेल्वे, बँका खेळाडूंना घेतात, पण खेळ दिसला तर. ज्या घरांत पदवी अजून पोहोचलेली नाही (आमचे त्यांतलेच), तिथे ही वाट लहान नव्हे.

मैदान चारच दिवस मिळते, दिव्यांचा खर्च असतो, हे कार्यकर्त्यांचे म्हणणे खरे. पण हिशेब करून पाहा. सोळा संघांच्या बादफेरीत 15 सामने होतात. बारा संघांचे तीन-तीनचे चार गट केले, तर साखळीचे 12, उपांत्य 2 आणि अंतिम 1. म्हणजे तेही 15च! शिवाय प्रत्येकाला दोन सामने नक्की. चार मंडळे रुसतील खरी. त्यांना पुढच्या वर्षी आधी बोलवावे.