गाय दिसते, कोंबडी का दिसत नाही?

मार्कंडा म्हटले की वैनगंगेकाठचे मंदिर आणि महाशिवरात्रीची जत्रा आठवते. पण इथल्या भूमिहीन बाईची बचत म्हणजे अंगणातल्या आठ-दहा गावरान कोंबड्या. पोरांच्या वह्या, दवाखाना, एसटीचे भाडे त्यातूनच निघते. मानमोडी आली की ही बचत आठवडाभरात संपते.

संविधानाच्या अनुच्छेद ४८ मध्ये अनेकांना फक्त गाय दिसते. त्याची सुरुवात मात्र शेती व पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याच्या निर्देशाने होते. गोवंशासाठी राज्याने २०१५ मध्ये कडक कायदा लागू केला. गरिबाच्या कोंबडीसाठी कोण भांडणार?

मानमोडीवर औषध नाही, लस आहे. लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकायचा. पण एका कुपीत १०० किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. ती थंड ठेवावी लागते, आणि उघडली की दोनेक तासांत संपवावी लागते. हे गणित पोल्ट्रीवाल्याचे आहे, आठ कोंबड्यांच्या मालकिणीचे नाही. दहा-बारा घरे एकत्र आली, तर तेच गणित जुळते.

म्हणून हे काम कार्यकर्त्यांचे आहे. वस्तीतल्या कोंबड्या मोजा. ग्रामसभेत ठराव घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्याकडे लेखी मागणी करून लसीकरणाचा दिवस ठरवून घ्या. पुढच्या मात्रेची तारीखही तेव्हाच विचारा. आजारी कोंबडी बाजारात नेऊ नका, रोग तिथूनच गावोगाव जातो.

ही याचना नाही. संविधानाच्या निर्देशाला धरून केलेली मागणी आहे.

जयभीम!