आवणीचा हंगाम आणि पायाची जखम

भिवंडी तालुक्यात मृगाच्या सरी पडून गेल्या व राबातील रोपे हातभर वाढली, की आवणीची घाई सुरू होते. पुढील काही आठवडे शेतकरी कुटुंबाचे पाय चिखलातच असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, बांधावर करवंदीचा काटा मोडतो, खेकडा नांगी मारतो, विळ्याची धार लागते. या जखमांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. आवणी ओढून धरता येत नाही. पाय मात्र उद्या बरा होईल, अशी सर्वांची समजूत असते. शंभरांतील बहुतेक वेळा तो बराही होतो. प्रश्न उरतो तो उरलेल्या थोड्या वेळांचा. त्या वेळी गेलेला एक दिवस पायाच्या, कधी प्राणाच्या किमतीचा ठरतो.

भातावरील कडा करपा हा रोग शेतकऱ्यास चांगला ठाऊक आहे. तो जिवाणूंपासून होतो आणि पानास झालेली इजा हा त्याचा एक प्रवेशमार्ग असतो. म्हणूनच लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापू नयेत, असे कृषिखाते सांगत आले आहे. माणसाच्या कातडीचा न्याय याहून निराळा नाही. कातडी अखंड असेल तोवर चिखलातील व अंगावरील जिवाणू बाहेरच राहतात. ती फाटली की त्यांस दार उघडे होते. पानाच्या कडेवरील पिवळी रेघ लांबून ओळखणारा शेतकरी स्वतःच्या पोटरीवर चढणारी लाल रेघ मात्र दोन दिवस पाहत नाही, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

जुन्या मराठीत या विकारांची नावे मोठ्या बारकाईने दिलेली आहेत. एका जागी पू धरून बसते ते गळू किंवा करट. अनेक तोंडांची, खोल व ठणकणारी ती काळपुळी. कातडीतून झपाट्याने पसरत जाते ते धावरे. पायास जखम होऊन जांघेत गाठ येते ते अवधाण. एका जागी थांबलेला रोग आणि धावणारा रोग यांतील भेद ‘धावरे’ या एका शब्दात आला आहे. आधुनिक वैद्यकही प्रथम हाच भेद पाहते. करटामागे बहुधा स्टॅफिलोकोकस व धावऱ्यामागे बहुधा स्ट्रेप्टोकोकस जातीचे जिवाणू असतात. पहिल्याचा पू बाहेर काढावा लागतो, दुसऱ्यास वेळेवर योग्य औषध लागते.

धोका किती, हे जखमेच्या आकारावरून ठरविण्याची रीत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. जखम कोणास झाली, हे आधी पाहिले पाहिजे. मधुमेही मनुष्याच्या पायास बधिरता असते. काटा मोडल्याचे त्यास कळतही नाही, आणि वाढलेली साखर रोगास मोकळे रान देते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. हा श्रीमंतांचा रोग, असे म्हणण्याचे दिवस गेले. भिवंडीभोवतीच्या गावांत शेताच्या जागी गोदामे उभी राहिली. अंगमेहनत घटली, आहार मात्र पूर्वीचाच राहिला. साखर एकदाही न तपासलेला मनुष्य आपणांस मधुमेह नाही असे सांगतो, तेव्हा ते केवळ अनुमान असते. यकृताचा विकार जडलेला मद्यपी, मूत्रपिंडाचा रोगी, वृद्ध, तान्हे मूल, हत्तीरोगाने पाय सुजलेला मनुष्य, यांची लहान जखमही मोठी मानावी.

नंतर जागा पाहावी. नाक व वरचा ओठ यांवरील पुळी पिळू नये. तेथील रक्तवाहिन्यांतून रोग कवटीच्या आत पोहोचू शकतो. हाताच्या बोटात पू धरला तर बोट कायमचे आखडण्याचे भय असते. खाडीच्या पाण्यात झालेली जखमही वेगळी समजावी. खाऱ्या व मचूळ पाण्यात राहणारे काही जिवाणू यकृत बिघडलेल्या माणसास एक-दोन दिवसांत मरणाच्या दारी नेऊ शकतात. काल्हेर-कशेळीकडे खाडीत उतरणाऱ्या माणसाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगाचा. सुजेच्या कडेने साध्या बॉलपेनने रेघ ओढावी, वेळ लिहून ठेवावी आणि काही तासांनी पुन्हा पाहावे. सूज रेघेपलीकडे झपाट्याने गेली असेल तर आवणी सोडून दवाखाना गाठावा. पुस्तकांत लालीचे वर्णन असते, परंतु सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तेथे ऊब, ताठरपणा, चकाकी व दुखणे यांवर भिस्त ठेवावी लागते. वर दिसते त्या मानाने वेदना फार असणे, कातडी जांभळी-काळसर होणे, पाणी भरलेले फोड येणे, दाबल्यास कुरकुर लागणे किंवा दुखणारी जागा अकस्मात बधिर होणे, ही कातडीखालचे आवरण सडू लागल्याची चिन्हे असू शकतात. थंडी भरून ताप, जलद श्वास, बरळणे, लघवी कमी होणे, ही विष रक्तात भिनल्याची लक्षणे होत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कातडीखालच्या सडीत उपचार होऊनही चार-पाच रुग्णांतील एक दगावतो. शस्त्रक्रियेस विलंब झाला तर हे प्रमाण वाढते.

धोका अंकांत मोजण्याचे यत्नही झाले आहेत. २००४ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी रक्ताच्या सहा तपासण्यांवरून गुण देण्याची पद्धत काढली. सहा वा अधिक गुण आले तर सडीचा संशय घ्यावा, असा तिचा नियम. पुढील अनुभवात असे दिसले की कमी गुण आलेल्या रोग्यांतही सड निघते. गुणपत्रिका वैद्यास मदतनीस म्हणून ठीक आहे. रोग्याच्या विव्हळण्यापेक्षा तिचा शब्द मोठा मानणे बरे नव्हे.

औषधांविषयी एक गैरसमज दृढ आहे. १९४१ साली ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायास चेहऱ्यावरील जखम चिघळून सर्वांगात रोग भिनला होता. त्यास पेनिसिलिन टोचताच तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला आणि तो मरण पावला. पुढे १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व हे औषध देशात बनू लागले. आज औषधाची उणीव नाही. उणीव आहे ती ते नीट घेण्याची. दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या न्यायच्या आणि ठणका थांबताच सोडायच्या, यामुळे रोग उलटतो व औषधास न जुमानणारे जिवाणू वाढतात. स्टेरॉइड मिसळलेली मलमे तर रोग झाकून ठेवतात. बिब्बा, चुना, शेण वा राख जखमेवर घालणे हे आणखी वाईट. शेणमातीतून धनुर्वाताचेही भय असते.

वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उन्हाळ्यांत स्नान केल्याने त्वचारोग बरे होतात, अशी लोकश्रद्धा आहे. अखंड कातडीच्या माणसाने तेथे खुशाल स्नान करावे. उघडी जखम घेऊन शेकडो लोकांच्या कुंडात उतरणे मात्र त्यासही अपायकारक व इतरांसही.

आवणीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात आणि घरात सर्वांत उशिरा दवाखान्यात त्याच जातात. एक दिवस गेला तर एक दिवसाची मजुरी जाते. ही अडचण खरी असून ‘काळजी घ्या’ एवढे सांगून ती सुटत नाही. आवणीच्या दिवसांत ग्रामपंचायतीने आशा सेविकेकरवी सायंकाळी पाय तपासण्याची व्यवस्था केली आणि मजूर लावणाऱ्या खातेदाराने बांधावर स्वच्छ पाण्याची घागर, साबण व कोरडे फडके ठेवले, तर खर्च फार येत नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चिखलात रुततात म्हणून बायका ते नाकारतात, हेही खरे आहे. तेव्हा रोज सायंकाळी बोटांच्या बेचक्या धुऊन कोरड्या करणे हाच मुख्य उपाय राहतो. धावरे एकदा येऊन गेलेल्या पायास ते पुन्हा येण्याचा संभव अधिक, आणि त्याची वाट बहुधा या बेचक्यांतूनच असते.

घरातील मुलांच्या अंगावरील खरूज व पिकलेले फोड यांकडेही याच दिवसांत दुर्लक्ष होते. फोड सुकल्यावर साधारण तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्ट्रेप्टोकोकसच्या मागाहून मूत्रपिंडास सूज आली असण्याचा संभव असतो. बहुतेक मुले यातून बरी होतात, पण त्यांचा रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी लागते. दवाखान्यात पूर्वीच्या फोडांची गोष्ट आईने आपण होऊन सांगावी. तोवर ते सुकून गेलेले असल्याने डॉक्टरांस दिसणार नाहीत.