बोनस कचेरीला, हेलपाटे अपंगाला

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांच्या बोनसचा आदेश काढते. उत्पादकतेशी न जोडलेला, तीस दिवसांच्या पगाराइतका असा हा बोनस. पगार कितीही असला तरी हिशेबापुरता तो ७,००० रुपयेच धरायचा, ३०.४ ने भागायचा आणि ३० ने गुणायचा. उत्तर येते ६,९०८. गट 'क' मधील आणि राजपत्रित नसलेल्या गट 'ब' मधील कर्मचाऱ्यांच्या हाती ही रक्कम पडते. त्याच केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग पेन्शन योजना आहे. तिच्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये, वर्षाला ३,६००. म्हणजे कारकुनाच्या एका दिवाळीच्या बोनसची बरोबरी करायला अपंगाला तेवीस महिने थांबावे लागते!

हा हिशेब मांडून कारकुनाला चार शिव्या हासडणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. बोनसची ही ७,००० रुपयांची मर्यादा २०१४-१५ पासून लागू आहे, त्याआधी ती ३,५०० होती. त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली, पण मर्यादा जागची हललेली नाही. आपल्याच घरांतून कोणी पोस्टात आहे, कोणी इन्कम टॅक्समध्ये. दिवाळीला घरात चार पैसे जास्त आले तर त्यात कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. फरक इतकाच की कारकुनाच्या पाठीशी संघटना आहे, वेतन आयोग आहे, जानेवारी आणि जुलैचा महागाई भत्ता आहे. अपंगाच्या पेन्शनला महागाई ठाऊकच नाही. २००९ साली योजना सुरू झाली तेव्हा २०० रुपये होते, २०१२ मध्ये ३०० झाले, आणि तिथेच गाडी थांबली. ग्रामीण विकासाच्या संसदीय स्थायी समितीने ही रक्कम वाढवा असे पुनःपुन्हा सुचवले. सरकारने मधल्या काळात एक मात्र केले. अपंगाला 'दिव्यांग' म्हणायला सुरुवात केली.

हे ३०० रुपये तरी कोणाला? दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्याला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, आणि केंद्राच्या या पेन्शनचे लाभार्थी काही लाखांच्या घरात आहेत. बाकीच्यांनी आपापल्या राज्याच्या तोंडाकडे पाहायचे. आमचा वाचक बेळगाव-खानापुरात आहे, तसा इंदूर, हैदराबादेतही आहे, म्हणून हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. तेलंगणात २०१४ मध्ये अपंग पेन्शन १,५०० केली, २०१९ मध्ये ३,०१६ आणि २०२३ मध्ये ४,०१६. मध्य प्रदेशात २०१९ मध्ये सामाजिक सुरक्षा पेन्शन ३०० वरून ६०० झाली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये अपंगांसाठी १,५०० चे २,५०० केले, तेही माजी आमदार बच्चू कडू यांनी जून महिन्यात मोझरीला उपोषण केल्यानंतर. कर्नाटकात जुलै २०२१ मध्ये बोम्मई मुख्यमंत्री झाले त्याच दिवशी वाढ जाहीर झाली. वृद्धांचे १,००० चे १,२०० झाले, आणि ४० ते ७५ टक्के अपंगत्व असलेल्यांचे ६०० चे ८००.

या शेवटच्या दोन आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चे कलम २४ सांगते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. इथे वृद्धाला १,२०० आणि अपंगाला ८००! जास्त राहिले बाजूला, उलट एक तृतीयांश कमी. विधानसभेत मराठी माणसाची मते मागायला येणाऱ्या एकाही पक्षाने हा प्रश्न धसास लावल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

रक्कम किती हा प्रश्नाचा एक भाग झाला. ती पदरात पाडून घेणे हा दुसरा, आणि खरी दमछाक तिथे होते. आधी अपंगत्वाचा दाखला. जून २०२१ पासून तो केंद्राच्या पोर्टलवरूनच, त्याला जोडून ओळखपत्र. ज्याला चालता येत नाही त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जायचे तर रिक्षा ठरवायची, सोबतच्या माणसाचा रोजगार बुडवायचा. गेल्यावर कळते, हाडांचे डॉक्टर आज बसत नाहीत, पुढच्या बुधवारी या. दाखला मिळाला की उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे खाते, आधारला जोडणी. बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाला यंत्र 'जुळत नाही' म्हणते. मग नाडकचेरी. गोव्यात असाल तर मामलेदार कचेरी, इंदुरात लोकसेवा केंद्र. एक झेरॉक्स कमी, एक सही राहिली, साहेब मीटिंगला. आमच्या पाहण्यात बहुतेकांना पेन्शन सुरू होते ती मंजुरीपासून, अर्ज केला त्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे अर्ज ज्या टेबलावर चार महिने पडून राहतो, त्या टेबलाने अपंगाचे चार महिन्यांचे पैसे बुडवलेले असतात. हे कोणत्याही रजिस्टरात नुकसान म्हणून लिहिले जात नाही.

'सरकारी काम अन् सहा महिने थांब' असे आपण गमतीने म्हणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ते जवळपास नियमातच बसवले. दाखला देण्याची मुदत पूर्वी एक महिना होती, ती तीन महिने केली. शिवाय अर्जावर दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्ज बाद, अर्जदाराने नव्याने सुरुवात करायची. दिरंगाई कोणाची आणि दंड कोणाला! त्याच वर्षी पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून देशभर गदारोळ झाला होता. खोटे दाखले शोधायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या संशयाची झळ वरच्या नोकऱ्यांच्या स्पर्धेत असलेल्यांना जितकी लागली त्याहून जास्त आठशे रुपयांसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला लागली.

आता बोनसकडे वळू. केंद्राचा बोनस सरसकट असतो. राज्यांच्या रीती निराळ्या. गुजरातेत चतुर्थ श्रेणीला दिवाळीत ७,००० रुपयांपर्यंत देण्याचे निर्णय गेल्या काही वर्षांत झाले, इतरत्र कुठे बोनस, कुठे सणाची उचल. कुठेही असो, समाजकल्याण वा महसूल खात्याच्या कर्मचाऱ्याला तो देताना कोणी विचारत नाही की वर्षभरात तुमच्या टेबलावर अपंगांचे किती अर्ज आले आणि किती मुदतीत निघाले. यावर कोणी म्हणेल, मग बोनस कामाशी जोडा. ऐकायला बरे वाटते. पण काम कशाने मोजणार, हे आधी ठरवावे लागेल, आणि तिथे घसरले की काय होते याचा धडा विलायतेत गिरवून झाला आहे.

ब्रिटनमध्ये २०१३ पासून अपंगांच्या जुन्या भत्त्याच्या जागी नवा भत्ता आला आणि प्रत्येकाची नव्याने तपासणी सुरू झाली. भत्ता नाकारला तर थेट न्यायाधिकरणाकडे जायची सोय नाही, आधी खात्याकडेच फेरविचार मागायचा. २०१७ मध्ये माहिती अधिकारातून उघड झाले की या फेरविचारासाठी खात्याने एक लक्ष्य ठेवले होते. शंभरातले ऐंशी मूळ निर्णय कायम राहिले पाहिजेत! अर्जदाराची कागदपत्रे उघडण्याआधीच उत्तर ठरलेले. बोभाटा झाला तेव्हा खात्याने ते लक्ष्य मागे घेतले. पुढच्या काही वर्षांत जे लोक जिद्दीने न्यायाधिकरणापर्यंत पोचले, त्यांतल्या दहापैकी सुमारे सात जणांच्या बाजूने निकाल लागत होते. जे थकून घरी बसले त्यांची गणती नाही. तिथल्या सरकारी खात्यांत वर्षअखेरच्या मूल्यमापनावर बोनस देण्याची पद्धत आहे. अशा जागी आकड्याचे वजन कर्मचाऱ्याच्या मनावर किती पडत असेल, हे नोकरी केलेल्या कोणालाही समजेल. तो कारकून दुष्ट नव्हता. त्याच्या खात्याने 'चांगले काम' म्हणजे 'नाही म्हणणे' असे ठरवून टाकले होते.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. कल्याण खात्याच्या कर्मचाऱ्याला बक्षीस द्यायचे तर ते पात्र माणसाचा अर्ज किती दिवसांत बरोबर निकाली निघाला यावर द्यावे. किती अर्ज फेटाळले, किती लाख वाचवले, किती 'बोगस' वगळले, यावर एक पैसाही नको. अपिलात निर्णय उलटला तर तो त्या कचेरीच्या खात्यात वजा धरावा. आणि सरसकट बोनस द्यायचाच असेल तर द्या, पण निदान तालुक्यागणिक प्रलंबित अर्जांची संख्या कचेरीच्या फलकावर लावा.

दंडाची तरतूद मात्र आजही आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. कर्नाटकाच्या २०११ च्या सेवा हमी कायद्यात, म्हणजे 'सकाल'मध्ये, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये अर्जदाराला भरपाई म्हणून मिळतात आणि ते जबाबदार कर्मचाऱ्याकडून वसूल होतात. पंचवीस दिवसांत ही मर्यादा संपते, पुढे कितीही उशीर करा! मध्य प्रदेशाने असा कायदा देशात सर्वांत आधी, २०१० मध्ये केला. तिथे दंड दिवसाला २५० रुपये आणि मर्यादा ५,००० आहे. गोव्यातही २०१३ चा कायदा आहे. यांतले काहीही आपोआप होत नाही. अर्जाची पोच हातात हवी, त्यावर तारीख आणि क्रमांक हवा, आणि मागणी करावी लागते. पोच न घेता कागद देऊन येणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कचेरीत गेलेलाच नसतो.

भाषेचे काय? नाडकचेरीतला फॉर्म कानडीत असतो, उत्तर कानडीत येते. खानापूरच्या रानातल्या म्हाताऱ्याला अर्ज फेटाळला आहे की त्रुटी काढली आहे, हेच समजत नाही. तो कागद शेजाऱ्याला, मग पंचायतीत, मग आमच्याकडे दाखवत फिरतो, तोवर अपिलाची मुदत टळते. राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येकाला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देते. फॉर्म कानडीत भरावा लागला तरी तक्रार मराठीत देता येते आणि ती घेणे अधिकाऱ्याला भाग आहे. १९५६ च्या निवेदनानुसार जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत निघायला हव्यात. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत हे प्रमाण किती आहे, हे कोणाला मोजून दाखवायला नको. अपंग पेन्शनचे नियम मराठीत छापून लावा, एवढीच यापुढची आमची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे राहील.

तोवर शाखांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या भागात ज्यांचे अपंग पेन्शनचे वा दाखल्याचे अर्ज अडकले आहेत, त्यांच्या पोचपावतीची प्रत, अर्जाची तारीख आणि शेवटचे उत्तर यांची यादी दिवाळीपूर्वी मध्यवर्ती कार्यालयात पोचवावी. ज्यांच्याकडे पोच नाही त्यांच्यासोबत कार्यकर्त्याने स्वतः कचेरीत जाऊन ती घ्यावी. ही यादी, दिवसांच्या हिशेबासह, बोनसचा आदेश निघेल त्याच आठवड्यात आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना मराठीत देणार आहोत.